सावडीचे दिवस

शनिवार, ५ नोव्हेंबर १९८३, नाशिक

कचेरीतून दरवर्षी एक डायरी मिळते. ती माझी बायको सुला घ्यायची, दूधवाल्याचे खाडे आणि गॅसची तारीख लिहायला. यंदाची मार्चपर्यंत भरलेली आहे. पुढची पानं कोरी पडून आहेत. वाया कशाला घालवायची म्हणून लिहायला बसलो.

रजा साचली आहे. हेडक्लार्क म्हणाले, सावळीराम, डिसेंबरअखेर बुडेल, कुठंतरी जाऊन या. कुठं जायचं ते त्यांनी सांगितलं नाही. गावजोड मंडळाची सहल निघते आहे. सकाळी एखाद्या गावात श्रमदान करायचं, दुपारनंतर आसपासची देवळं, महाल, लेणी बघायची, आणि मुक्काम गावकऱ्यांच्याच घरी. गेल्या वर्षी सुलानं हिची जाहिरात कापून ठेवली होती. नुसते देव बघत काय हिंडायचं, हातून काही होईल तरी, असं तिचं म्हणणं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आपण पदरचे पैसे कशाला भरायचे, असं मी म्हणालो होतो आणि तो विषय तिथंच संपला होता. काल जाऊन नाव घालून आलो. किती जण, असं त्यांनी विचारलं. मी दोन म्हणालो. मग एक म्हणालो.

आमचे अण्णा असते तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. अण्णा सटाण्याकडच्या एका गावात येसकर होते. गावाची लाकडं फोडायची, सरकारी निरोप घेऊन पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं, आणि त्या बदल्यात संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. बाबासाहेबांचं ऐकून त्यांनी ते काम टाकलं, गावही टाकलं आणि नाशकात हमाली धरली. फुकट कोणाचं पानसुद्धा हलवू नको, हे त्यांचं आम्हाला कायमचं सांगणं. आता त्यांचा मुलगा भरपगारी रजा काढून फुकटचं काम करायला गावात निघाला आहे. याची गंमत वाटायला हवी, पण वाटत नाही.

संध्याकाळी भिकन येऊन गेला. भिकन म्हणजे सुलाचा धाकटा भाऊ. त्यानं आमच्या अर्धवट घराच्या प्लॉटसाठी गिऱ्हाईक आणलं आहे. निम्म्या भिंतींसकट घ्यायला तयार आहेत, पण उत्तर जानेवारीच्या आत हवं. "दाजी, भिंतींवर शेवाळ चढलंय. एकट्यानं तिथं राहून करणार काय?" असं तो म्हणाला. त्याचं खरंच आहे. भिंती खिडकीच्या खालपर्यंत आल्या आणि सुलाला कावीळ झाली. त्यानंतर मी तिकडं गेलेलो नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची सागवानी चौकट तिनं आधीच करून घेतली होती, ती इथं भाड्याच्या खोलीत खाटेखाली आहे. तिच्यावर मी चपला ठेवतो.

मी भिकनला लगेच हो म्हणालो असतो. पण हो म्हटलं की कुठंतरी जाऊन सह्या कराव्या लागतात. सहलीहून आल्यावर बघू म्हणालो.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

चांदवडच्या पुढं, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका गावात आहे. गाव लहान आहे. शाळेला आवार नाही, गुरं आत शिरतात, म्हणून शाळेभोवती दगडी भिंत घालायची आहे.

बसमध्ये शेजारच्या जागेवर मी पिशवी ठेवली होती. मंडळाच्या एका बाईंनी विचारलं, कोणी येणार आहे का? मी हो म्हणालो. पिंपळगाव गेलं तरी कोणी आलं नाही, तेव्हा त्यांनी पिशवी उचलून माझ्या मांडीवर दिली आणि बसल्या. त्यात त्यांची काही चूक नाही.

शाळेचे वाल्मीक गुरुजी कोणी कुणाकडं राहायचं ते वाचून दाखवत होते. माझं नाव एका घरापुढं होतं. आडनाव वाचून झाल्यावर त्या घरचे गृहस्थ गुरुजींना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. मग गुरुजी येऊन म्हणाले, त्यांच्याकडं अचानक पाहुणे आलेत, तुम्ही बहिरूभाऊंकडं चला. दिवाळीत पाहुणे येतातच. मी पिशवी उचलली.

बहिरू माझ्याच वयाचा असेल, चाळिशीतला. बोलणं कमी. घरात त्याची बायको बायडाबाई आणि म्हातारी आई कुसाबाई. मुलगी लासलगावला दिलेली आहे. त्यानं रामराम केला, मी सवयीनं जयभीम म्हणालो. कुसाबाईंनी माझ्याकडं नीट बघून घेतलं. चहा झाल्यावर त्यांनी माझा कप मला विसळायला सांगितला आणि ओट्यावरच्या कोनाड्यात उपडा घालायला लावला. बाकीचे कप आत मांडणीत गेले.

दहा वर्षांपूर्वी मी त्याच पावली परत फिरलो असतो. आज कप विसळला आणि झोपलो.

बुधवार, ९ नोव्हेंबर

सकाळभर दगड वाहिले. भिमाजी म्हणून गावचे गवंडी आहेत, भिंत त्यांच्या हुकमानं चालते. ते प्रत्येक दगड हातात फिरवून बघतात आणि त्याचं तोंड कुठं आहे ते ठरवतात. मुंबईहून आलेले एक बँकेतले साहेब मोठे दगड उचलायला जातात, मग कंबर धरून बसतात. भिमाजी त्यांना म्हणाले की साहेब, तुम्ही पाणी वाटा.

दुपारी चांदवडचा रंगमहाल बघितला. लाकडाचे कोरीव खांब आणि भिंतींवर जुनी चित्रं. हत्ती, घोडे, स्त्रिया. रंग उडाले आहेत. सगळे वर बघत होते म्हणून मीही वर बघितलं. नंतर रेणुकेचं देऊळ. मी बाहेर बसलो. फोटो काढणाऱ्या बाईंनी मला जरा हसा म्हटलं. मी हसलो असेन.

गुरुवार, १० नोव्हेंबर

भिंत. बाजरीची भाकरी. झोप लागते, एवढं बरं आहे.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

सगळे वणीच्या गडावर गेले. मी गेलो नाही. देवी आमची नाही, पण डोंगर बघायला काय हरकत आहे, असं सुला म्हणायची. त्या पायऱ्या एकट्यानं चढायच्या मनात येईना. डोकं दुखतंय असं सांगितलं. ते खोटं होतं.

दुपारी बस गेली आणि मी ओट्यावर बसून राहिलो. समोरच बहिरूचं रान आहे. तो आणि बायडाबाई वाफ्यात कांद्याची रोपं लावत होते. नुसतं बघत बसायची लाज वाटली म्हणून विजार वर खोचून वाफ्यात उतरलो. पहिली ओळ लावली ती बायडाबाईंनी न बोलता उपटून पुन्हा लावली. रोप फार खोल गेलं की कांदा धरत नाही म्हणे. दुसरी ओळ त्यांनी राहू दिली. दिवस मावळेपर्यंत लावत होतो. चिखलात बोटं गार पडली होती आणि पाठ मोडली होती, पण डोक्यात काहीच चाललं नव्हतं. असं बऱ्याच दिवसांनी झालं.

ओट्यावर येऊन बसलो तर कुसाबाई म्हणाल्या, "बाबा, तुझा दिवस आमच्या अंगावर आला."

मला कळलं नाही. शाळेची भिंत गावाची, ते तुमचं श्रमदान का काय ते. पण रानात लावलेला हात म्हणजे सावड, असं त्यांनी समजावलं. आज तू माझ्या रानात राबलास, उद्या मी तुझ्या रानात राबायचं. मी म्हणालो, मला रान नाही. त्या म्हणाल्या, रान नसलं तर घर असेल, घराचं काम असेल. मी म्हणालो, घरही नाही आजी, चार भिंती आहेत आणि त्याही निम्म्या. मग त्यांनी विचारलं, निम्म्या का? मी सांगितलं. दोन वाक्यांत सांगून झालं.

बायडाबाईंनी भाकरीवर दुधाची साय घातली. मी मागितली नव्हती.

शनिवार, १२ नोव्हेंबर

सकाळी भिंत, दुपारी पुन्हा वाफ्यात. मंडळी कुठल्याशा किल्ल्यावर गेली होती. मंडळाच्या बाई मला म्हणाल्या की तुम्ही पैसे भरून काहीच बघत नाही. मी म्हणालो, बघतोय.

आज एक गोष्ट माझ्या तोंडून निघून गेली. संध्याकाळी सगळे ओट्यावर होतो. कुसाबाई लसूण सोलत होत्या आणि पुन्हा तोच विषय. दोन दिवस झाले बाबा तुझे, ते कसे फेडायचे? मी म्हणालो, राहू द्या. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ कसं द्यायचं? माणसाचा दिवस ठिवून घिऊ नये. पैका ठिवला त चालंल, दिवस नाय."

मी म्हणालो, "आजी, माझे वडील येसकर होते. जन्मभर त्यांनी गावाचे दिवस भरले. ते कोणाच्या अंगावर आहेत?"

बहिरू दोर वळत होता, त्याचे हात थांबले. कुसाबाई लसूण ठेवलेलं सूप उचलून आत गेल्या. बायडाबाईंनी मला जेवायला वाढलं, पण माझ्याकडं बघितलं नाही.

मी रागावून बोललो नव्हतो. मला राग आलाच नव्हता. मनात आलं म्हणून विचारलं, एवढंच. तरी अर्ध्या भाकरीवर उठलो. दुपारभर रोपं लावून असं होत असावं.

रविवार, १३ नोव्हेंबर

सकाळी कोनाड्यात माझा कप नव्हता. मी ओट्यावर शोधला, कोनाडा पुन्हा बघितला. बायडाबाई आतून म्हणाल्या, "मांडणीत हाय भाऊ, घ्या की." मी आत गेलो. मांडणीत सगळे कप एकसारखे होते, माझा कुठला ते ओळखू येईना. मग कुठलातरी घेतला. कुसाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी त्यात चहा ओतला.

भिंत शाळेच्या दारापर्यंत आली. दगड वाहताना बहिरू आज बराच बोलला. तुमच्या भिंती विटेच्या की दगडाच्या? नऊ इंची? विटा उरल्यात का? वाळू आहे का, पाणी कुठून घेता? सिमेंटच्या गोण्या असतील, त्यांचं काय झालं? माहीत असलेलं सांगितलं. गोण्यांचं काय झालं मलाच ठाऊक नाही. दुसऱ्याच्या घराची एवढी चौकशी शेतकऱ्याला कशाला, कळत नाही. बहुधा माझ्याशी बोलायला त्याच्याकडं दुसरा विषय नसावा.

मंगळवार, १५ नोव्हेंबर, नाशिक

परत आलो. शाळेची भिंत काल पुरी झाली. गुरुजींनी सगळ्यांना नारळ दिले आणि लांबलचक भाषण केलं. आज परतीच्या वाटेवर पांडवलेणी दाखवायची होती. ज्या घरांत पाहुणे राहिले त्या घरच्या माणसांनाही मंडळानं बसमध्ये घेतलं, म्हणून बहिरू आणि बायडाबाई आले. कुसाबाई आल्या नाहीत. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत लसणाची जुडी कोंबली.

मंडळाचे गृहस्थ सांगत होते की वनवासात पांडव इथं राहिले. मी दुरुस्त करायला गेलो नाही. पूर्वी सुला अशा माणसांना तिथल्या तिथं गाठायची आणि मला तिची बाही ओढावी लागायची. बुद्धमूर्तीपुढं बायडाबाईंनी हात जोडले आणि मला विचारलं, हे तुमचे देव का. मी म्हणालो, देव नाहीत, माणूस होते. इथं पावसाळ्यात भिक्खू राहायचे, आणि ही लेणी कोरायला कोणी कोणी मदत केली त्यांची नावं भिंतींवर लिहिली आहेत. त्यात एका कोळ्याचंसुद्धा आहे. बहिरू ती अक्षरं बराच वेळ न्याहाळत राहिला. वाचता तर कोणालाच येत नव्हती.

पायऱ्या उतरताना त्यानं विचारलं, तुमचं घर इथून दिसतं का? खाली वसाहत पसरली आहे, पाथर्डी फाट्याच्या अलीकडं. मी बोट दाखवलं. त्या पाण्याच्या टाकीच्या डाव्या हाताला, कडुनिंबाजवळ. कंच्या लिंबाजवळ, असं त्यानं दोनदा विचारून घेतलं. बायडाबाईंनी विचारलं, वहिनींना घरात काय काय पाहिजे होतं? मी म्हणालो, फार काही नाही, स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडं. रस्त्याकडं का? कालवणापासून न उठता कोण येतंय ते दिसावं म्हणून; चौकटही तिनं आधीच करून घेतली, ती माझ्या खाटेखाली पडून आहे. बायडाबाई म्हणाल्या, शहाणी बाई होती.

मी हो म्हणालो. इतक्या महिन्यांत तिच्याबद्दल असं कोणी काही बोललं नव्हतं. सगळे माझ्याबद्दलच बोलतात.

घरी येऊन चहा टाकला. दोन कप झाला. दोन्ही प्यायलो.

मंगळवार, ६ डिसेंबर

बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालून आलो. सुलाच्या ओळखीच्या बायका भेटल्या. तब्येत उतरली म्हणाल्या. आमटीत टाकायला लसूण आहे अजून.

शनिवार, ३१ डिसेंबर

नवीन डायरी मिळाली. कोरी आहे.

शनिवार, १४ जानेवारी १९८४

भिकन तिळगूळ घेऊन आला. गिऱ्हाईक घाई करतंय. रविवारी, २९ तारखेला घेऊन येतो, तुम्ही नुसती जागा दाखवा, पुढचं मी बघतो, म्हणाला. त्याला माझ्यासाठी वाईट वाटतं. दाजी, तुम्ही आमच्याकडं राहायला या, मागची खोली रिकामीच आहे, असंही म्हणाला. मला त्या खोलीचा रंग आठवला, हिरवा. मी बरं म्हणालो. त्यानं दोनदा विचारलं, नक्की ना? मी नक्की म्हणालो.

तो गेल्यावर खाटेखालून चौकट ओढून बाहेर काढली. ती गिऱ्हाईकाला द्यायची की ठेवायची हे ठरवायला हवं. चपलांची माती पुसून पुन्हा आत सरकवली.

गुरुवार, २६ जानेवारी

कचेरीतलं झेंडावंदन करून परत आलो तर खोलीपुढं एक टेम्पो उभा. घरमालकीण दारात उभी राहून म्हणाली, तुमची गावाकडची माणसं आलीत. मला गाव नाही असं सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात बहिरू टेम्पोमागून पुढं आला. बरोबर बायडाबाई, भिमाजी गवंडी आणि वाल्मीक गुरुजी. टेम्पोत घमेली, फावडी, थापी, ओळंबा, अंथरुणं आणि भाकऱ्यांचं गाठोडं.

"रामराम," बहिरू म्हणाला.

"जयभीम."

"उन्हाळ कांद्याची लागण उरकली. म्हनलं सावड फेडून येऊ."

मी त्यांना बसायला सांगितलं. कोणी बसलं नाही. माझा पत्ता गुरुजींनी मंडळाकडून आणला होता. बायडाबाई सरळ आत आल्या, खाटेखाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "चौकट हीच ना?"

प्लॉटवर गेलो. मार्चनंतर आज पहिल्यांदा. आत गवत गुडघ्यापर्यंत, भिंतींवर शेवाळ. भिकननं सांगितलं होतं तसंच सगळं. भिमाजींनी भिंतीवर मूठ मारून बघितली, ओळंबा सोडला आणि म्हणाले, "भिंतीला काय झालं नाय. वरचं दोन थर काढू." सिमेंटच्या गोण्या झाडाखाली दगड होऊन पडल्या होत्या. भिमाजींनी त्यांच्याकडं कौतुकानं बघितलं आणि म्हणाले, ह्यांच्या पायऱ्या करू. गुरुजी गवत उपटायला लागले. मला त्यांनी सिमेंट आणायला पाठवलं. दुकानदारानं विचारलं, काम चालू केलं का? मी म्हणालो, मी नाही केलं.

जागा विकायला काढली आहे हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं. सकाळीच सांगायला हवं होतं.

शुक्रवार, २७ जानेवारी

रजा टाकली. मंडळी प्लॉटवरच राहिली आहेत, ताडपत्री बांधून. मी खोलीवर या म्हणालो तर बायडाबाई म्हणाल्या, इथं हवा चांगली आहे.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा बहिरूला सांगितलं. म्हणालो, तुम्ही उगाच खपताय, रविवारी गिऱ्हाईक येणार आहे, मी हो म्हणून बसलोय. त्यानं घास खाल्ला. म्हणाला, "घर तुमचं. ठिवा नायतर विका. आमचं काम फेडायचं."

मग मी म्हणालो की फेडायचं असलं तरी हे जुळत नाही. मी तुमच्या वाफ्यात दोन दिवस होतो, तेसुद्धा दुपारनंतर. तुम्ही चार माणसं आलात. एवढे माझे दिवस नाहीत.

बहिरू खाली बघत म्हणाला, "तुमचं नायच. म्हातारी म्हनली, त्याच्या बापाचं पन धर."

मी म्हणालो, अण्णा तुमच्या गावचे नव्हते.

"गाव कंचंबी असंल," तो म्हणाला. "भरलं त भरलं. म्हातारी त्या रातीपासून निजली नाय धड. तिच्या दारात बी येसकर भाकर मागायला यायचा. नाव आठवतं का म्हनून आम्हाला इचारत व्हती. तिलाच आठवंना, त आम्हाला काय आठवंल."

हात धुवायला म्हणून मागं गेलो आणि कडुनिंबाच्या खोडाला टेकून रडलो. सुला गेली तेव्हाही मी रडलो नव्हतो. लोक म्हणाले होते, सावळीरामचं काळीज दगडाचं. आज कशासाठी रडलो, सुलासाठी की अण्णांसाठी, ते मला सांगता येत नाही. दोघं एकदमच आठवले. अण्णा संध्याकाळी हमालीवरून यायचे तेव्हा त्यांच्या खांद्याला पोत्याचा वास यायचा.

गुरुजी पाण्याची बादली घेऊन आले आणि मला बघून बादली तिथंच ठेवून गेले. थोड्या वेळानं मीच ती उचलून नेली.

शनिवार, २८ जानेवारी

विटा भिजवतो, घमेली देतो. भिमाजी मला ओरडतात की माल पातळ झाला. ओरडून घ्यायला बरं वाटतं. खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती वर आल्या.

रविवार, २९ जानेवारी

भिकन गिऱ्हाईकाला घेऊन आला तेव्हा आम्ही चौकट बसवत होतो. बहिरूनं आणि मी दोन्ही बाजूंनी धरली होती, भिमाजी ओळंबा लावून डावीकडं, उजवीकडं सांगत होते. बायडाबाईंनी चौकटीला हळद लावायला घेतली, मग थांबून मला विचारलं, तुमच्यात चालतं का? मी म्हणालो, सुला नको म्हणाली असती. त्यांनी हळद पुडीत बांधून ठेवली.

भिकन रस्त्यावरच उभा राहिला. म्हणाला, "दाजी, हे काय?"

मी म्हणालो, चौकट जड आहे, जरा इकडून धर. त्यानं एकदा गिऱ्हाईकाकडं बघितलं, एकदा चौकटीकडं. ती चौकट ठरवायला सुलाबरोबर वखारीत तोच गेला होता. मग त्यानं घड्याळ काढून खिशात घातलं, बाह्या वर केल्या आणि धरली. गिऱ्हाईक थोडा वेळ थांबलं. मी त्यांना म्हणालो, तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा, जागा द्यायची नाही. हे मी ठरवून बोललो नव्हतो. हातात चौकट होती, त्यामुळं दुसरं काही बोलता आलं नसतं. ते काहीतरी पुटपुटत गेले. भिकन अर्धा तास नुसत्या विटा देत राहिला. मग चहा प्यायला बसलो तेव्हा म्हणाला, खिडकीला गज आडवे लावा, ताईला उभे आवडायचे नाहीत.

दुपारी मंडळी निघाली. मी बहिरूला विचारलं, आता फिटली ना सावड? तो नुसता हसला. बायडाबाई टेम्पोत चढून बसल्या होत्या, त्यांनी उत्तर दिलं. "फिटती कशी? भाऊ, छत बाकी हाय तुमचं. आन चैतात आमचा कांदा काढायचाय, त्याला तुम्ही यायचं. म्हातारी वाट बघती."

टेम्पो वळेपर्यंत मी आणि भिकन उभे होतो.

सोमवार, ३० जानेवारी

एप्रिलसाठी रजेचा अर्ज दिला. कारण, शेतीकाम. हेडक्लार्क चष्मा वर करून म्हणाले, तुम्हाला शेती कधीपासून? मी म्हणालो, सावडीची आहे. ते शहरातले, त्यांना कळलं नाही. म्हणाले, फुकट राबायचं का? म्हणालो, नाही साहेब, फुकट नाही. अण्णांनी ऐकायला हवं होतं.

कचेरी सुटल्यावर प्लॉटवर गेलो. भिंतींवर पाणी मारायचं होतं. फाट्यावर उतरून चालत आलो, तेव्हा लांबूनच चौकट दिसली. खिडकीत अर्थात कोणी नव्हतं. मी रस्त्यावर थोडा उभा राहिलो. मग आत जाऊन पाणी मारलं आणि जिथं स्वयंपाकाचा ओटा होणार आहे तिथं उभं राहून बाहेर बघितलं. रस्ता पार फाट्यापर्यंत दिसतो. बसमधून कोण उतरलं तेही कळतं. सुलाचं बरोबर होतं.